मावळतीचा चपटा सूर्य आणि गुरुत्वाकर्षण

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या अंकात गुहागरच्या किनाऱ्यावरून टिपलेले मावळत्या सूर्याचे देखणे छायाचित्र आले आहे. मात्र ‘गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकत असल्यामुळे बिंब चपटे दिसते’ ही त्याखालची ओळ दुरुस्त व्हायला हवी. गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाची वाट वाकते हे खरेच आहे, पण क्षितिजावर दिसणारी करामत हवेची आहे.

क्षितिजालगतचा किरण विरळ हवेतून दाट हवेत उतरताना सुमारे 34 कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त, वळतो. सूर्यबिंबाचा व्यास 32 कलांच्या आसपास असल्याने बिंबाची खालची कड समुद्राला टेकलेली आपण पाहतो, त्या वेळी सूर्य वस्तुतः पुरता बुडालेला असतो. हे वळण क्षितिजाजवळ झपाट्याने वाढत असल्यामुळे खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते आणि बिंब दबलेले दिसते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याच किरणाला एका विकलेच्या हजाराव्या भागाइतकेही वळवीत नाही, आणि अशा 60 विकला मिळून एक कला होते.

खुद्द सूर्याच्या कडेला घासून येणारा ताऱ्याचा किरणसुद्धा केवळ 1.75 विकला वळतो. किनाऱ्यापासून तीन किलोमीटर आत उभ्या असलेल्या होडीवरचे दहा रुपयांचे नाणे जेवढे दिसेल, साधारण तेवढा हा कोन. आइन्स्टाइन यांनी 1911 मध्ये याच्या निम्मा आकडा काढला होता. अवकाशाच्या वक्रतेचा वाटा हिशेबात धरल्यावर 1915 मध्ये तो दुप्पट झाला. 29 मे 1919 च्या खग्रास ग्रहणात त्याची परीक्षा झाली. सूर्य त्या दिवशी रोहिणीत होता (आपल्याकडे धूळपेरणीचे दिवस!), त्यामुळे त्याच्या आसपास ठळक ताऱ्यांचा एक गुच्छच होता. त्यांची ग्रहणातली छायाचित्रे सूर्य तेथे नसताना रात्री घेतलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहिली, तेव्हा ब्राझीलमधील सोब्राल येथून 1.98 आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून 1.61 विकला असे आकडे आले. त्यांत चूकभूल होतीच. परंतु निम्म्या आकड्यापेक्षा ते 1.75 च्या पुष्कळ जवळ होते.

दोन्ही वळणे ओळखण्याची आणखी एक खूण आहे. हवा तांबड्यापेक्षा निळ्या-हिरव्या प्रकाशाला जास्त वळवते, म्हणूनच स्वच्छ हवेत सूर्य बुडता बुडता वरच्या कडेला क्वचित हिरवी झाक दिसते. गुरुत्वाकर्षण असा रंगभेद करीत नाही. सूर्याजवळून येणाऱ्या दूरस्थ क्वेसारांच्या (म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्रांच्या) रेडिओ लहरींवरही, सूर्याभोवतीच्या तप्त वायूचा परिणाम वजा केल्यावर, तेच गणित लागू पडते, आणि त्या मोजमापाला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही.

विजयदुर्गाचा उल्लेख येथे सहज होईल म्हणून सांगतो, की ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी 22 जानेवारी 1898 चे खग्रास ग्रहण तेथून पाहिले, ते सूर्याच्या वर्णपटासाठी. आइन्स्टाइन यांचा प्रश्न तेव्हा जन्मालाही आला नव्हता. येत्या 2 ऑगस्ट 2027 च्या ग्रहणाची खग्रास पट्टी स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जाते. कोकणात ते खंडग्रासच असेल. ऐन पावसाळ्यात आभाळ उघडले तरी दिवसाउजेडी तारे दिसणार नाहीत आणि हे मोजमाप येथून करता येणार नाही.

छायाचित्राखालच्या ओळीचा खुलासा पुढील अंकात व्हावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, देवगड (जि. सिंधुदुर्ग)