पिनांगच्या सकाळच्या बाजारातून

जॉर्ज टाउन, पिनांग, मलेशिया

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घरात चांगले स्वयंपाकघर असताना सुटीच्या दिवशी पहाटे उठून बाजारात जायचे आणि गाडीवरचे खायचे, हा हट्ट कशासाठी, असे तू विचारले आहेस. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, त्यामुळे पत्र लांबणार हे आधीच सांगतो. माझे म्हणणे एवढेच आहे की इथे एक माणूस आयुष्यभर एकच पदार्थ करतो आणि सगळा बाजार मिळून त्याला तसे करू देतो, म्हणून इथले गाडीवरचे अन्न इतके चांगले असते. मसाला, पाणी, जुनी कृती यांचे महत्त्व मला मान्य आहे, पण ते त्यानंतरचे.

मी जातो तो बाजार पुलाव तिकुस या भागात आहे. हा पूर्वापार मिश्र वस्तीचा भाग. थोड्याच अंतरावर समोरासमोर उभी असलेली थाई आणि ब्रह्मी बौद्ध मंदिरे आहेत, जवळच कॅथलिक चर्च आहे, आणि बाजारात चिनी, मलय, तमिळ अशी सगळी माणसे एकाच गल्लीत भाजी निवडताना दिसतात. मलय द्वीपकल्पाचे घड्याळ 1982 मध्ये अर्धा तास पुढे नेऊन पूर्वेकडच्या साबा आणि सारावाक प्रांतांच्या घड्याळाशी जुळवले गेले, त्यामुळे इथे सूर्य सातच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा उगवतो. साहजिकच बाजार अंधारात भरतो. सहा-साडेसहाला विजेच्या दिव्यांखाली मासे कापले जात असतात, ओल्या फरशीवर रबरी बूट घातलेली माणसे बर्फाच्या पेट्या ओढत असतात आणि कडेच्या गाड्यांवर पहिली वाफ निघालेली असते. दहा-अकरापर्यंत बहुतेक गाड्यांवरचा माल संपतो. संपला की गाडी धुऊन माणूस घरी जातो. दुपारसाठी आणखी चार पदार्थ करून ठेवावेत, असे त्याच्या मनातही येत नाही.

सर्वांत आधी आपोमची गाडी सांगतो, कारण ती मी सर्वांत जास्त निरखली आहे. आपोम म्हणजे दक्षिण भारतातून आलेले अप्पम, पण इथे चिनी हातांत पडून ते निराळे झाले आहे. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि अंडे यांचे आंबवलेले पातळ पीठ असते. छोट्या, खोलगट, झाकणाच्या ताव्यांची एक रांग कोळशावर मांडलेली असते. गाडीवाला पहिल्या ताव्यात पळीभर पीठ ओततो, तावा मनगटाने फिरवून पीठ कडांपर्यंत चढवतो, मधोमध केळ्याच्या दोन-चार चकत्या आणि किंचित मक्याचे दाणे टाकतो, झाकण ठेवतो आणि पुढच्या ताव्याकडे वळतो. शेवटच्या ताव्यापर्यंत पोहोचेतो पहिल्यातल्या आपोमची कड तपकिरी होऊन ताव्यापासून सुटू लागलेली असते. ती तो पातळ पात्याने सोडवतो, आपोम अर्धे दुमडतो आणि कागदावर ठेवतो. मध्येच चिमट्याने एका ताव्याखालचा निखारा काढून दुसऱ्याखाली सरकवतो. गाडीवर घड्याळ नाही, ज्योत कमी-जास्त करायची चावी नाही. प्रत्येक तावा किती तापला आहे हे त्याला पिठाच्या आवाजावरून कळते. खाताना कड पापडाइतकी कुरकुरीत लागते आणि मधला भाग मऊ, दमट, केळ्याने गोड झालेला. ते तिथेच उभे राहून खायचे. पुडी बांधून घरी नेलेले आपोम वाटेतच मऊ पडते आणि त्यातले निम्मे सुख जाते.

तुझ्यासारख्या रत्नागिरीच्या माणसाला इथला जिन्नस परका वाटणार नाही. तांदूळ, नारळ, गूळ, आंबट फळ आणि सुकी मासळी या पाच गोष्टींवर इथलीही सकाळ उभी आहे. नासी लेमाक घे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात पांदानची गाठ मारलेली पाने. पांदान ही आपल्या केवड्याच्या कुळातली वनस्पती आहे, आणि तिच्या पानांना जो वास येतो तो आंबेमोहोर तांदळाच्या वासाच्या फार जवळचा आहे. भातावर तिखट सांबाल, तळलेल्या बारीक सुक्या मासळ्या, शेंगदाणे, उकडलेल्या अंड्याची फोड आणि काकडी. हे सारे केळीच्या पानात निमुळते बांधून पुड्यांचा ढीग लावलेला असतो. भात सगळीकडे बरा असतो, परीक्षा सांबालची. लाल मिरची, कांदा आणि बेलाचान यांचे वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतावे लागते आणि त्याला पुष्कळ वेळ लागतो. बेलाचान म्हणजे आपल्या जवळ्याच्याच जातीची इवली कोळंबी मीठ घालून, कुटून, वाळवून, आंबवून केलेली वडी. ज्या बाईने परतण्यात घाई केली तिच्या सांबालला कच्च्या मिरचीचा दर्प राहतो, आणि इथल्या गिऱ्हाइकाला तो पहिल्या घासालाच कळतो. माझी नेहमीची मलय मावशी आदल्या संध्याकाळीच सांबाल करून ठेवते आणि भात मात्र पहाटे शिजवते, कारण मुरलेले सांबाल आणि ताजा भात हीच खरी जोडी, असे ती सांगते.

मिठायांच्या टेबलापाशी तर तू हमखास रेंगाळशील. इथे स्थायिक झालेल्या चिनी घराण्यांनी मलय जिन्नस आपलेसे करून जी पाककला घडवली, तिला न्योन्या म्हणतात, आणि तिच्या कुएह नावाच्या गोड पदार्थांत नारळ आणि तांदूळ यांची अगणित रूपे आहेत. चिकट तांदळाचा निळ्या झाकेचा एक प्रकार असतो. तो निळा रंग गोकर्णीच्या फुलांचा असतो, आणि वर नारळाचे दूध, अंडी व साखर आटवून केलेला काया लावून तो खातात. ओंदे-ओंदे नावाच्या हिरव्या गोळ्या ओल्या खोबऱ्यात घोळवलेल्या असतात आणि आत माडाचा गूळ असतो. गोळी संपूर्ण तोंडात टाकून मगच चावायची, कारण आतला गूळ गोळी उकळताना वितळून पातळ झालेला असतो. आपल्या उकडीच्या मोदकात असतात तेच तीन जिन्नस, पण गुळाला वेलची न लावता तसाच ठेवल्यामुळे त्याची धुरकट चव स्पष्ट लागते. मला ती मोदकाहून अधिक आवडते, असे लिहिण्याचे धाडस तुझ्या आईला हे पत्र दाखवणार नाहीस या भरवशावर करतो आहे.

आसाम लाक्साबद्दलही लिहायला हवे, जरी तो खरे तर दुपारकडे झुकणारा पदार्थ आहे. बांगडे उकडून, काटे काढून, त्यांचा लगदा चिंचेच्या आणि आसाम गेलुगोरच्या आंबट पाण्यात शिजवतात. आसाम गेलुगोर हे कोकमाच्याच कुळातले फळ. त्याच्या वाळवलेल्या चकत्या बाजारात किलोवर मिळतात. तांदळाच्या जाड शेवयांवर हे कालवण ओतून वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या कुळातल्या एका गुलाबी कळीचे बारीक काप टाकतात, आणि शेवटी चमचाभर काळी, दाट, गोडसर कोळंबीची चटणी. बांगडा आणि आंबटाची सांगड कोकणात आपणही घालतो, पण त्यावर अननस आणि पुदिना घालण्याचा विचार आपल्याकडे कुणी केला नाही. पहिला चमचा थोडा जड जाईल. दुसऱ्यापासून पुढे काही सांगावे लागणार नाही.

आता बाजार एकाच पदार्थावर माणूस कसा जगवतो ते सांगतो, कारण तू दोन मित्रांबरोबर नाश्त्याचे दुकान काढायचे म्हणतोस आणि सोबत पदार्थांची जी यादी धाडली आहेस ती वाचून मला काळजी वाटली. बाजाराला लागून कोपीतियाम असतात, म्हणजे चिनी कॉफीची दुकाने. जागा, टेबले आणि पेये दुकानमालकाची. खाण्याच्या गाड्या मात्र निरनिराळ्या लोकांच्या, त्या मालकाला भाडे देऊन उभ्या असतात. तू एका टेबलावर बसतोस, टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवतोस, उठून तीन वेगवेगळ्या गाड्यांवर सांगून येतोस आणि ज्याचे ताट येईल त्याला तिथेच पैसे देतोस. पेय मालकाकडूनच घ्यायचे, हा संकेत आहे. काही ठिकाणी पेय न घेणाऱ्याकडून थोडी जादा रक्कम घेतात, आणि ते मला रास्त वाटते, कारण मालकाचे पोट पेयांवरच चालते. अशा रीतीने यादी लांबलचक असते, पण ती कुणा एकट्याच्या डोक्यावर नसते. ‘चार कोय तिआव’ नावाच्या परतलेल्या शेवया करणाऱ्याला चहा करावा लागत नाही, टेबले पुसावी लागत नाहीत. तो फक्त कढईपाशी उभा असतो.

आणि त्या कढईपाशी काय घडते ते तू एकदा पाहायला हवेस. तांदळाच्या चपट्या ओल्या शेवया, कोळंबी, शिंपल्यांतले मांस, मोड आलेले मूग, लसणीच्या पातीसारखी चपटी पात, अंडे आणि मिरचीचे वाटण, हे सारे प्रखर आचेवर, बहुधा डुकराच्या चरबीत, दोन-तीन मिनिटांत परततात. नावाजलेला माणूस एका वेळी एकच ताट करतो, मागे कितीही गर्दी असली तरी. चार ताटांचा ऐवज एकदम टाकला की कढई थंड पडते, शेवयांना पाणी सुटते आणि त्या भाजल्या जाण्याऐवजी शिजतात. तो करपट, धुरकट गंध, ज्यासाठी लोक ताटकळत उभे राहतात, तो निघून जातो. वाट पाहावी लागते म्हणून कुणी कुरकुरत नाही. उलट ताट फार लवकर आले तर जुनी माणसे शंकेने पाहतात.

म्हणून मित्रा, तुझ्या यादीतले मिसळ, पोहे, उपमा, इडली, सँडविच, चिनी भेळ हे सगळे खोडून टाक, असे मी मनापासून सांगतो. तुझ्या आईच्या हातची आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांचे सांबार हे दोनच ठेव. बाजूच्या गाळ्यात दुसऱ्या कुणाला उसळ करू दे, तिसऱ्याला चहा, आणि बाकडी तिघांची मिळून ठेवा. नफ्याचे गणित तू माझ्यापेक्षा चांगले करशील, पण हाताला सराव एकाच गोष्टीने होतो.

या व्यवस्थेची एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. पहाटे तीनला उठून दिवसाचे आठ तास आगीपाशी उभे राहण्याचे काम मुलांना नको आहे. त्यांनी शिकावे म्हणूनच तर आईबापांनी गाडी चालवली, आणि मुले शिकून कार्यालयांत गेली. यात दोष कुणाचाच नाही. अनेक गाड्यांवर परदेशी मजूर स्वयंपाक करू लागले, तेव्हा पिनांग राज्याने 2016 पासून ठरावीक स्थानिक पदार्थ परदेशी कामगारांनी शिजवण्यास बंदी घातली. या बंदीमागची तळमळ मला समजते, पण उपाय पटत नाही. माझ्या आपोमवाल्याच्या आजोबांच्या पिढीतले लोकही दक्षिण चीनमधून पोटासाठी आलेले परदेशी मजूरच होते, आणि आपोम त्यांनी तमिळ शेजाऱ्यांकडून उचलले. ज्याला उभे राहायचे आहे आणि शिकायचे आहे त्याला शिकू द्यावे, मग तो बांगलादेशचा असो की म्यानमारचा. 2024 मध्ये नासी लेमाक, रोती चनाई ही पराठ्यासारखी पोळी आणि ‘ते तारिक’ हा फेसाळ दुधाचा चहा यांच्यासह मलेशियाची न्याहारीची संस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, याचा इथे सर्वांना अभिमान आहे आणि मलाही आहे. पण पहाटे कोळसा पेटवायला हात लागतात, आणि ते कुठून येणार हा प्रश्न त्या यादीने सुटलेला नाही.

आता तुमच्या येण्याबद्दल. वहिनी शाकाहारी आहेत म्हणून तू कचरतोस, पण त्यांची आबाळ होणार नाही. अंडे चालत असेल तर आपोम आहे. नसेल तर ओले खोबरे आणि गूळ घातलेले पुतू मायाम, म्हणजे तमिळ लोकांच्या तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि बहुतेक कुएह. रोती चनाईबरोबरच्या वरणात माशाची आमटी ओतण्याची पद्धत आहे, तेव्हा नुसते वरण असे बजावून मागावे लागते. चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध लोक मांस वर्ज्य करतात, त्यामुळे त्या सकाळी शाकाहारी गाड्यांवर विशेष गर्दी आणि विशेष पदार्थ असतात. त्यातला एक दिवस साधता आला तर उत्तम. तुम्ही दोघेही या, कारण तीन माणसे असली की एकेक ताट मागवून वाटून खाता येते आणि एका सकाळीत पाच-सहा गाड्या होतात. कॉफी मात्र प्रत्येकाची वेगळी. इथे कॉफीचे दाणे साखर आणि मार्गारीन घालून काळेभोर भाजतात आणि कापडी पिशवीतून गाळतात. तळाशी आटवलेले गोड दूध असते, तेव्हा ढवळल्याशिवाय पहिला घोट घेऊ नकोस.

तिकीट काढताना दोन गोष्टी पाहा. चिनी नववर्षाच्या आठवड्यात निम्म्याहून अधिक गाड्या बंद असतात. आणि रमजानच्या महिन्यात माझ्या मलय मावशीची गाडी सकाळी लागत नाही. त्या दिवसांत तिच्यासारख्यांचे बाजार दुपारनंतर भरतात आणि ते पाहण्यासारखे असतात, पण तिच्या हातचा नासी लेमाक सकाळीच खायचा असेल तर तो महिना सोडून ये. तारखा कळव, म्हणजे मी रजा टाकतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
पिनांगवासी मित्र