दहा नंबरची सुट्टी

हाँगकाँग
शनिवार, २ सप्टेंबर २०२३

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलणं झालं तरी पत्र लिहितेय. काल बाबांच्या कानावर इथल्या वादळाच्या इशाऱ्याचा "आठ नंबर" एवढंच पडलं आणि पुढचं ऐकायला ते तयारच नव्हते. मी ठणठणीत आहे, घराची एक काचही फुटलेली नाही. आणि कालचा दिवस माझा झकास गेला. हे वाक्य तुमच्याशी फोनवर बोलताना तोंडातून निघेना. का निघेना तेही पुढे लिहिते.

आधी बाबांचा आठ नंबर. आपल्या श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या आत, आणि आठ म्हणजे महासंकट, हे तुमच्या डोक्यात कायमचं बसलेलं. इथलं गणित निराळं आहे. इथे आकडे पाचच: १, ३, ८, ९ आणि १०. मधले काही गाळले, तर काही १९७३ साली आठातच घातले आणि त्या आठाला वाऱ्याची दिशा जोडली, म्हणजे आठ वायव्य, आठ आग्नेय असं. वादळ साधारण ८०० किलोमीटरच्या आत आलं की एक लागतो. ताशी ४१ ते ६२ किलोमीटरच्या वाऱ्याला तीन, ६३ ते ११७ ला आठ. वारा आणखी वाढणार असं दिसलं की नऊ, आणि ११८ च्या वर दहा. पूर्वी खांबावर खरोखरीच्या खुणा चढवायचे, २००२ पासून ते बंद झालं. आता सगळं मोबाइलवर येतं.

तीन लागला तर फक्त बालवाड्यांना आणि विशेष मुलांच्या शाळांना सुट्टी. आठ लागला की सगळ्या शाळा बंद, कचेऱ्या बंद, फेरीबोटी धक्क्याला, बसगाड्याही थोड्या वेळात डेपोत. वेधशाळा आठ लावायच्या दोनेक तास आधी सांगून ठेवते, म्हणजे सगळ्या शहराला घर गाठायला वेळ मिळतो. तेव्हा बाबा, इथला आठ हा मुकाट्याने घरी बसायचा हुकूम आहे. तुमची मुलगी कधी नव्हे ती हुकमाची ताबेदार झाली, एवढंच समजा.

आता गंमत अशी की काल, १ सप्टेंबरला, आमच्या शाळेचा पहिला दिवस होता. ऑगस्टचा शेवटचा आठवडा नुसत्या मीटिंगांत गेला. वर्गाचा फळा सजवून झाला, बसायच्या जागांचा तक्ता झाला, सातवीला पहिल्या तासाला अपूर्णांकांचं एक कोडं घालायचं तेही ठरलं. साडीवर इस्त्री करून ठेवली होती. हो, पहिल्या दिवशी मी साडीच नेसते. मुलं वर्षभर लक्षात ठेवतात, आणि मुख्याध्यापकबाईंना वाटतं की मी फार शिस्तीची आहे.

आणि गुरुवारी शिक्षण खात्याने जाहीर केलं, उद्या शाळा नाही. साओला नावाचं वादळ येतंय. शिक्षकांच्या खोलीत क्षणभर सगळ्यांनी काळजीचे चेहरे केले, "अरेरे, सगळं वेळापत्रक कोलमडलं" वगैरे. मग कोपऱ्यातून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळी खोलीच हसायला लागली. सुट्टी मुलांना जेवढी हवी असते त्याहून मास्तरांना जास्त हवी असते. बाबा, तुम्ही तीस-पस्तीस वर्षं खडू हातात धरलात, तुम्हाला हे मी काय सांगणार! पण आम्हाला घरात तुम्ही कधी कळू दिलं नाहीत बरं का.

त्यातून असल्या सुट्ट्या इथे दुर्मीळ मानतात. लोक म्हणतात, ली का-शिंग नावाच्या इथल्या बड्या उद्योगपतीने शहराभोवती अदृश्य कवच उभारलंय, त्यामुळे वादळ नेमकं शनिवार-रविवारी येतं किंवा वाट वाकडी करून जातं, म्हणजे कामगारांना सुट्टी द्यायला नको! वादळ जवळ आलं की हा विनोद दरवेळी निघतो आणि दरवेळी लोक नव्याने हसतात. यंदा कवचाला भोक पडलं म्हणायचं.

गुरुवारी संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. पालेभाजीच्या टोपल्या रिकाम्या, पाव संपलेला, चिकटपट्टीही संपलेली. ती खिडक्यांच्या काचांना लावायची, उभी, आडवी आणि तिरप्या दोन. माझ्याकडे पट्टी नाही हे शेजारच्या आजींना कसं कळलं कोण जाणे. दार ठोठावून आत आल्या आणि बूट न काढता (आई, हो, मला दिसलं) थेट स्टुलावर चढल्या. वय ऐंशीच्या घरात. मी खाली स्टूल धरून उभी. पट्टी दातांनी तोडायची, अंगठ्याने काचेवर घासत न्यायची, टोकाशी बुडबुडा राहिला की नखाने टोचायचा. मला कँटोनीज येतं ते भाजीवाल्यापुरतं, त्यांना इंग्रजी येत नाही. पण मी लावलेली एक पट्टी त्यांनी ओढून काढली आणि परत लावली, त्यात सगळं बोलून झालं.

आठ लागला रात्री पावणेतीनच्या सुमारास, मी झोपेत. सकाळी रोजच्या सवयीने डोळे उघडले, फोन बघितला, आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. आई, तू म्हणतेस ना की सुट्टीच्या दिवशी दुप्पट कामं काढून बसते म्हणून? काल एकही काढलं नाही. रविवारी तसं होत नाही. रविवार आधीच ठाऊक असतो, त्यामुळे कपडे, वाण्याचं सामान, वह्या तपासणं, सगळं आपण त्याच्या डोक्यावर आठवडाभर रचत जातो. कालच्या शुक्रवारच्या डोक्यावर काहीच नव्हतं. बाहेर जायला बंदी, म्हणजे "कुठे तरी जाऊन यायला हवं होतं" ही रुखरुखही नाही. केसांना तेल चोपडलं आणि दुपारपर्यंत तशीच लोळले. गुरगुट्या भात केला, त्यावर तुझं मेतकूट आणि तूप. जेवून पुन्हा झोप. परदेशात इतकी निवांत मी पहिल्यांदाच होते असं वाटलं, आणि आजूबाजूला सगळं शहरच निवांत, त्यामुळे आपण एकट्याच आळशी असंही वाटेना. भिंतीपलीकडे आजींकडे दुपारपासून माहजाँगचा डाव रंगला होता. त्या सोंगट्या टेबलावर घुसळतात त्याचा खळखळाट अंधार पडेपर्यंत चालू होता.

गंमत म्हणजे दिवसभर वारा फारसा नव्हताच. चार वाजेपर्यंत तर लोक चेष्टा करू लागले होते. मग रंग पालटला. सव्वासहानंतर नऊ लागला, सव्वाआठला दहा. २०१८ च्या मांगखुट वादळानंतर पहिला दहा.

उंच इमारत अशा वाऱ्यात डुलते. डुलायलाच बांधलेली असते, हे मी मुलांना समजावून सांगू शकते, आकृती काढून. पण न्हाणीघरात गेले आणि कमोडमधलं पाणी आपोआप डावी-उजवीकडे हेलकावताना दिसलं, तेव्हा सगळी आकृती विसरले. काचा घुमत होत्या, बारीक आणि सलग. दाराच्या फटीतून वारा शिट्टी मारत होता, तिथे टॉवेल कोंबला. भीती वाटली का? थोडी. पण दिवे चालू होते, इंटरनेट चालू होतं, नळाला पाणी होतं.

आणि तिथेच मला आपली वाडी आठवली.

३ जून २०२०. मी इथेच होते, फोनच्या पडद्यावर निसर्ग वादळाचं चक्र श्रीवर्धनकडे सरकताना बघत. मग तुमचा फोन लागेना. किती दिवस लागला नाही ते आता मोजायचं नाही. लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "वाडी आडवी झाली." आजोबांच्या हातच्या पोफळी कमरेत मोडल्या, नारळ मुळासकट उपटले, गोठ्याचे पत्रे शेजारच्या विहिरीत. वीज तर पावसाळ्यात बऱ्याच उशिरा आली. म्हणून काल मला म्हणता आलं नाही की वादळ आलंय आणि मी मजेत आहे.

पण रात्री त्या आवाजात झोप नव्हती, तेव्हा विचार केला. वारा इथलाही काही प्रेमळ नव्हता. सकाळी खाली जाऊन बघितलं तर रस्ताभर फांद्या, एक मोठं झाड फुटपाथची फरशी उचलून पडलेलं. माझी सुट्टी झाली कारण माझा पगार काँक्रीटच्या आत आहे. वाऱ्याने अपूर्णांक मोडत नाहीत. खालचा पहारेकरी रात्रभर खुर्चीत होता, सकाळी त्याच्यासाठी चहा नेला तर म्हणाला बदली माणूस यायला गाड्याच नाहीत. उत्तरेला युएन लाँगकडे भाजीचे मळे आहेत, त्या शेतकऱ्यांना कसला आठ आणि कसली सुट्टी. त्यांचं घर तुमच्यासारखं चालतं. मग मला वाटलं, हे आईबाबांपासून झाकून ठेवण्यात काय अर्थ? तुमची वाडी विकू नका म्हणून मीच भांडले होते, आणि मला मास्तरकीला लावायचा हट्ट बाबांचा होता. तेव्हा या सुट्टीत तुमचा वाटा आहेच, बाबा. मी ती चाटूनपुसून खाल्ली.

आज दुपारनंतर इशारा आठावरून तीन नंबरवर उतरला. पट्ट्या काढतेय, चिकटा जाता जात नाही. आजींनी खोबरेल लावून घासायची खूण केली, तर माझी बाटली काल डोक्यावरच संपलेली. सोमवारी शाळा. साडी तीच, इस्त्री शाबूत आहे.

बाबा, वादळानंतर लावलेल्या रोठ्याच्या, म्हणजे आपल्या श्रीवर्धनी सुपारीच्या, रोपांचे फोटो पाठवा. मधल्या ओळीतली दोन पिवळी पडत होती, त्यांच्या मुळाशी पाणी साचतंय का ते पाहा. चर खणायला माणूस घ्या, स्वतः कुदळ घेऊ नका. आई, मेतकूट तळाला गेलंय. दिवाळीनंतर कुणी इकडे येणारं असलं तर पाव किलो पाठव, जास्त नको, आणि डब्याला झाकण घट्ट लाव, मागच्या वेळी सगळ्या पुस्तकांना हिंगाचा वास लागला होता.

तुमची,
बाय