बाळ्या, ओरिजिनल म्हणजे कुठलं रे?

प्रिय बाळ्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला, एकदा हसत आणि एकदा सिरीयसली. उत्तर मेसेजनेच द्यायला बसलो होतो पण अंगठे दुखायला लागले, म्हणून सरळ पत्र लिहितोय, जुन्या सवयीने लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

तर लेकीने गाडीत साउंड ऑफ सायलेन्स लावलं, डिस्टर्ब्ड नावाच्या रॉक बँडचं, तो २०१५चा गुरगुरणारा अवतार, आणि तू तिला म्हणालास की हे कव्हर आहे, नक्कल आहे, ओरिजिनल ऐक जरा, आणि मग सांगली येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. अरे काय हे. साठी आली आपली.

मी या भांडणात तुझ्या लेकीच्या बाजूने आहे, आधीच सांगतो. तिचं व्हर्जन मला आवडत नाही तो भाग वेगळा, शेवटाकडे तो माणूस फारच अंगावर येतो. पण ज्याने गाणं लिहिलं त्या खुद्द पॉल सायमनला आवडलं होतं, २०१६ मध्ये त्यांनी ते टीव्हीवर गायलं ते बघून त्याने त्या गायकाला मेल करून कौतुक कळवलं होतं. मग आपण कोण टिकोजीराव?

आणि ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं म्हणतोयस तू? जे आपण हॉस्टेलवर घासून घासून ऐकलं, ड्रमवालं, ते? ते पण ओरिजिनल नाही बाबा. ओरिजिनल आलं ऑक्टोबर १९६४ मध्ये, सायमन आणि गारफंकल या जोडीचं, दोन आवाज आणि साधी गिटार, ड्रम नाही विजेची गिटार नाही, आणि ते सपशेल पडलं. इतकं पडलं की जोडी जवळजवळ मोडली, सायमन युरोपात क्लबांमधून एकटाच गात हिंडायला लागला. मग पुढच्या वर्षी अमेरिकेत काही रेडिओ स्टेशनांवर पोरं हे गाणं मागायला लागली आणि टॉम विल्सन नावाचा प्रोड्युसर, जॅझमधून आलेला, त्याने १५ जून १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये ती जुनी टेप काढली, स्टुडिओतल्या वादकांना बसवलं आणि तिच्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम चढवले. त्याच दिवशी कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बॉब डिलनच्या लाइक अ रोलिंग स्टोनचं रेकॉर्डिंग सुरू झालं होतं, प्रोड्युसर हाच. आणि सायमन-गारफंकलला विचारलं पण नाही! मूळ गाणं काही घड्याळ लावून गायलेलं नव्हतं, त्यामुळे वादकांची पंचाईत, एका कडव्यात नीट कान दिलास तर सगळी वाद्यं क्षणभर आवाजांसाठी रेंगाळल्यासारखी होतात. सप्टेंबरात रेकॉर्ड बाहेर पडली आणि जानेवारी १९६६ मध्ये अमेरिकेत एक नंबर. म्हणजे तू लेकीला ज्याच्या नावाने बोललास ते गाणं गायकांच्या गैरहजेरीत तयार झालंय. स्वतःच्याच गाण्याचं कव्हर, तेही दुसऱ्याने परस्पर केलेलं.

विल्सनला हे सुचलं कारण तेव्हा बर्ड्स नावाच्या बँडचं मिस्टर टॅम्बोरीन मॅन सगळीकडे वाजत होतं. आता ही गोष्ट तर तू लेकीला सांगच, तह होईल. गाणं डिलनचं. पण डिलनने त्याच्या अल्बमसाठी ते रेकॉर्ड केलं १५ जानेवारी १९६५ ला, आणि बर्ड्सनी स्टुडिओत जाऊन त्यांचं केलं २० जानेवारीला. पाच दिवस! डिलनचा अल्बम बाजारात यायचा होता मार्चमध्ये. बर्ड्सकडे आलं होतं ते त्याच गाण्याचं आदल्या वर्षीचं डिलनने बाजूला टाकलेलं एक रेकॉर्डिंग. म्हणजे कव्हर झालं तेव्हा 'ओरिजिनल' दुकानात मिळतच नव्हतं. आणि बर्ड्स म्हणजे तरी कोण, त्या रेकॉर्डवर वाजवलंय त्यांच्यातल्या एकट्या मॅग्विनने, बाकी सगळे भाड्याचे वादक, ड्रमवर हॅल ब्लेन, कारण प्रोड्युसरला बाकी पोरांच्या हातावर भरवसा नव्हता. गातात मात्र तेच, मॅग्विन पुढे आणि जीन क्लार्क-क्रॉस्बी मागे. डिलनचं गाणं साडेपाच मिनिटांचं, चार कडव्यांचं, यांनी एकच कडवं ठेवलं, रेडिओसाठी अडीच मिनिटांच्या आत बसवलं. शब्दांवर प्रेम करणारा माणूस म्हणेल की कत्तल केली. मी म्हणतो की त्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारच्या पहिल्या चार सेकंदांत उरलेली तीन कडवी आहेत. डिलनला सरावातच ऐकवलं होतं त्यांनी, आणि तो म्हणे खूष झाला की यावर तर नाचता येतं.

(जाता जाता. हे लोक रात्री सराव करायचे तो लॉस एंजेलिसचा वर्ल्ड पॅसिफिक स्टुडिओ, तिथेच आपल्या पंडित रविशंकरांची रेकॉर्डिंग व्हायची. डेव्हिड क्रॉस्बी त्यांच्या सतारीने वेडा झालेला, १९६५ च्या उन्हाळ्यात त्याने बीटल्सच्या हॅरिसनला ते नाव सांगितलं, पुढचं तुला माहितीये. मॅग्विनने बारा तारांची रिकनबॅकर घेतली होती ती हॅरिसनच्या हातात बघून. असा तो सगळा देवाणघेवाणीचा मामला.)

मला वाटतं आपल्या डोक्यात कव्हर म्हणजे हलका माल हे बसलं ते आपल्या कॉलेजच्या काळातल्या त्या व्हर्जन कॅसेटींमुळे. आठवतात? लता-रफी-किशोरची गाणी दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, स्वस्तात, मूळ गायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि गाणाऱ्याचं भिंग घेऊन शोधावं लागेल इतकं बारीक. तिथे हेतूच होता की ऐकणाऱ्याने फसावं. अमेरिकेत तसं नव्हतं, तिथे कव्हर हा उघड उघड धंदा होता. १९०९ सालापासून कायदा असा की एकदा गाणं रेकॉर्डवर आलं की कोणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शकतो, परवानगी मागत बसायची गरज नाही, फक्त रेकॉर्डमागे ठरलेले पैसे द्यायचे, आणि ते साठच्या दशकातही होते दोन सेंट. दोन सेंट! म्हणून प्रकाशक डिलनकडून साध्या गिटारवर गाणी गाऊन घ्यायचे आणि इतरांना ऐकवत फिरायचे की घ्या, गा. डिलनचं ब्लोइंग इन द विंड जगाला कळलं ते १९६३ मध्ये पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटामुळे, दोन नंबरपर्यंत गेलं, आणि त्यांचा मॅनेजर आणि डिलनचा मॅनेजर एकच, ग्रॉसमन. योगायोग वगैरे काही नाही. शेवटी कोलंबिया कंपनीला जाहिरात करावी लागली की डिलनला डिलनसारखं कोणी गात नाही. म्हणजे बघ, इतके लोक त्याला गात होते. त्यात कचरापण खूप होता, १९६५ मध्ये ज्याच्या हाताला गिटार लागली त्याने डिलन गायला, त्यातलं निम्मं आज ऐकवत नाही. शेर नावाच्या गायिकेने आणि बर्ड्सनी तर एकाच वेळी डिलनचं एकच गाणं बाजारात आणलं आणि अमेरिकेत शेर पुढे गेली, बर्ड्सवाले नाराज. मला शेरचंच जास्त आवडतं, बोल काय बोलायचंय ते.

पण पैशापुरतंच नाही ना ते. टर्न टर्न टर्न हे गाणं घे. शब्द बायबलच्या जुन्या करारातले, लोकगायक पीट सीगरने चाल लावली, शेवटी शांतीबद्दलची एक ओळ स्वतःची टाकली. मग गायिका ज्युडी कॉलिन्सने १९६३ मध्ये गायलं आणि त्या अल्बमवर गिटार आणि अरेंजमेंट करणारा पोरगा कोण, तर हाच मॅग्विन, बर्ड्सच्या आधीचा. दोन वर्षांनी त्याने तेच बर्ड्सबरोबर केलं आणि डिसेंबर १९६५ मध्ये एक नंबर. आता यात ओरिजिनल काय शोधणार? तुकोबांच्या अभंगाला दहा जणांनी दहा चाली लावल्या, कीर्तनातली वेगळी, भजनी मंडळाची वेगळी, रेडिओवरची वेगळी, तुझी आई काकड्याला वेगळीच म्हणायची, कुणाला विचारलंस का कधी की यातली खरी कुठली?

सगळ्यात भारी गोष्ट हाउस ऑफ द रायझिंग सनची. हो तेच, गिटार क्लासमध्ये ए मायनर, सी, डी, एफ करत अख्खं पुणे जे वाजवतं ते. ॲलन लोमॅक्स नावाचा माणूस गावोगाव फिरून लोकगीतं रेकॉर्ड करत होता, त्याने १९३७ मध्ये केंटकीत मिडल्सबरोला जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून ते रेकॉर्ड करून घेतलं, खाणकामगाराची पोर. तिच्याही आधीपासून ते होतंच. न्यूयॉर्कमध्ये डेव्ह व्हॅन राँक नावाच्या लोकगायकाने त्याला स्वतःचे कॉर्ड बसवले, तो रेकॉर्ड करणार होता, तेवढ्यात डिलनने त्याचीच ती अरेंजमेंट आपल्या पहिल्या अल्बमवर टाकली, १९६२. मग व्हॅन राँकला ते गाणं गाणं बंद करावं लागलं कारण लोक म्हणायला लागले की डिलनचं चोरलं. १९६४ मध्ये इंग्लंडच्या ॲनिमल्स बँडने ते विजेच्या गिटारीवर केलं, एका टेकमध्ये, इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडे एक नंबर, आणि मग डिलनला बंद करावं लागलं कारण लोक म्हणायला लागले की ॲनिमल्सचं चोरलं! व्हॅन राँक म्हातारपणी हे सांगताना गालातल्या गालात हसायचा. आणि ॲनिमल्समध्ये अरेंजमेंटचं श्रेय छापलं गेलं एकट्या ऑर्गनवाल्या ॲलन प्राइसच्या नावावर, त्यामुळे बाकीचे आयुष्यभर पैशाच्या नावाने बोंब मारत बसले. त्या केंटकीच्या पोरीचं नाव आपल्या क्लासमध्ये सरांनी कधी घेतलं होतं?

इथे मात्र तुझी बाजू थोडी घेतो. कव्हर करा पण कुणाकडून घेतलं ते सांगा. स्कारबरो फेअर सायमनला मिळालं लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून, गाणं जुनं इंग्लिश लोकगीत, मान्य, पण गिटारची ती गुंफण कार्थीची होती. १९६६ च्या अल्बमवर कार्थीचं नाव नाही. तो बिचारा कितीतरी वर्षं मनात धरून होता. शेवटी २००० साली लंडनच्या कार्यक्रमात सायमनने त्याला स्टेजवर बोलावलं आणि दोघांनी मिळून ते गायलं तेव्हा कुठे मिटलं. चौतीस वर्षं लागली रे. मला राग येतो तो याचा, गुरगुरणाऱ्या व्हर्जनचा नाही.

आता आपल्यावर येतो. आपण दोघं १९६५ मध्ये पाळण्यात होतो. हे जे तू मेसेजमध्ये 'आपल्या काळातलं' म्हणालास तो आपला काळ कुठून रे? कॅम्पातले ते गोवेकर अंकल, त्यांच्या एलपी, आणि त्यांच्याकडून कोऱ्या कॅसेटवर भरून आणलेले ते नव्वद मिनिटांचे नग, तो आपला काळ, आणि तो १९८४-८५ चा. अंकलचा डेक जरा हळू फिरायचा, म्हणून आपल्याकडे वाजताना सगळं अर्ध्या सुराने चढं आणि पळतं. तू गिटार कॅसेटला जुळवायला तारा ताणायचास आणि त्या तुटायच्या, मग मेसच्या पैशातून नव्या. पुढे सीडीवर नीट ऐकलं तेव्हा दोघांनाही वाटलं की यांना काय झालंय, जुलाब झाल्यासारखे काय गातायत. मला अजूनही बर्ड्स त्या चढ्या सुरातच आठवतात. म्हणजे तुझं-माझं ओरिजिनल हे अंकलच्या डेकच्या बिघडलेल्या मोटरचं आहे, ते जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि तुझ्या लेकीचं गाडीतल्या स्पीकरवरचं डिस्टर्ब्ड आहे, तीस वर्षांनी ती तिच्या पोराला तेच सांगेल की हे ओरिजिनल.

ज्युडी कॉलिन्सबद्दल लिहायचं राहिलंच. तिला आपण कायम दुय्यम समजलो कारण ती दुसऱ्यांची गाणी गायची. पण बघ ना, लेनर्ड कोहेनची स्वतःची एकही रेकॉर्ड नव्हती तेव्हा १९६६ मध्ये तिने त्याचं सुझॅन गायलं, जोनी मिचेलचं बोथ साइड्स नाउ जोनीच्या आधी हिने गाजवलं, जोनीचं स्वतःचं आलं १९६९ मध्ये. सँडी डेनीच्या हू नोज व्हेअर द टाइम गोजवर १९६८ मध्ये हिने अख्ख्या अल्बमचं नाव ठेवलं, सँडीने फेअरपोर्ट कन्व्हेन्शनबरोबर केलेलं त्यानंतरच्या वर्षी बाहेर आलं. कान असावा तर असा. हां, पण ते शेवटचं गाणं सँडीच्याच आवाजात ऐकायचं, इथे मी तुझ्यासारखाच हट्टी आहे, कारण विचारू नकोस.

दिवाळीत तुम्ही पुण्याला येताय ना, तेव्हा लेकीला घेऊनच ये. एक रात्र बसू, प्रत्येक गाण्याची दोन-दोन तीन-तीन रूपं लागोपाठ लावू, तिने तिची आणायची. डिलनच्या ऑल अलाँग द वॉचटॉवरवर भांडण होणार नाही, जिमी हेंड्रिक्सच्या कव्हरनंतर खुद्द डिलनही ते त्याच्या वळणाने वाजवायला लागला, त्यामुळे तो प्रश्न निकाली आहे. जुन्या कॅसेट माझ्याकडे आहेत पण डेक तुझ्याकडे, आणि तू म्हणालास त्याचा बेल्ट गेलाय. जुन्या बेल्टचं माप घेऊन फोटो पाठव, लांबी आणि जाडी दोन्ही, तपकीर गल्लीत बघून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, आणि लेकीला सॉरी म्हण आधी.

तुझा,
नाना