जनगणना आयुक्तांना खुले पत्र : उत्तर कोण देणार?

प्रति,
मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लोकसंख्या गणनेत कुटुंबातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला स्वतः उत्तर देता यावे याबाबत

महोदय,

२०११ नंतरच्या या पहिल्याच जनगणनेतील लोकसंख्या गणना, देशाच्या बहुतेक भागांत, २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतानाचा क्षण प्रमाण धरून होणार आहे. प्रगणकांचे, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती नोंदवणाऱ्यांचे, मोबाइल ॲप आणि नागरिकांनी स्वतःच माहिती भरण्याचे, म्हणजे स्व-गणनेचे, पोर्टल यांविषयी बरेच बोलले जाते. घरातून उत्तर कोण देणार, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझी विनंती तेवढ्यापुरतीच आहे.

जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम ८ नुसार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘समजुतीप्रमाणे’ ही सूट रास्तच आहे, कारण प्रगणक दाखले तपासायला आलेला नसतो. परंतु व्यवहारात कुटुंबप्रमुख, किंवा त्या वेळी घरी सापडलेला एखादा कर्ता मुलगा, सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि आईचे वय, भावजयीचे शिक्षण, आजोबांना कमी ऐकू येणे हे सारे त्याच्या एकट्याच्या समजुतीने नोंदले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काहीच नाही. आकडेवारीच्या दृष्टीने मात्र पुष्कळ आहे.

सर्वांत मोठी गफलत कामाच्या प्रश्नात होते. “सूनबाई काय करतात?” “काही नाही, घरीच असते.” हे उत्तर इतके अंगवळणी पडलेले आहे की देणाऱ्याला आपण काही चुकीचे सांगतो आहोत असे वाटतही नाही. तीच सून घरच्या रानात खुरपणी करते, सोयाबीनच्या काढणीला दिवसभर वाकलेली असते आणि पहाटे म्हशीची धार काढते. २०११ च्या व्याख्येनुसार घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला केलेली मदतही कामच ठरत होती आणि वर्षात सहा महिन्यांहून कमी काम करणाऱ्यांसाठी सीमांतिक कामगार असा वेगळा वर्ग होता. तरीही त्या जनगणनेत कामातील सहभागाचे प्रमाण पुरुषांत सुमारे ५३ टक्के, तर स्त्रियांत सुमारे २५.५ टक्के आले. हा सगळाच फरक उत्तर देणाऱ्यामुळे पडला असे मी म्हणणार नाही, पण त्यातील काही वाटा नक्कीच ओट्यावर बसून दिलेल्या उत्तरांचा आहे. स्त्रियांच्या कामाबद्दल खोदून विचारावे, अशी सूचना प्रगणकांना दिली जाते. कोणाला खोदून विचारायचे, हा प्रश्न उरतोच. नवऱ्याला दहा प्रश्न विचारण्यापेक्षा आतल्या बाईला एक विचारलेला बरा.

वर सांगितलेल्या कलम ८ नेच, रूढीने मना असल्यास, नवऱ्याचे नाव सांगण्याची सक्ती स्त्रीवर केलेली नाही. (लग्नकार्यात हौसेने उखाणे घेणाऱ्या मुलखात आज ही सवलत कोणी मागेल असे वाटत नाही.) पण त्याचा अर्थ असा की स्त्री स्वतः प्रगणकासमोर येऊन उत्तरे देईल, हे १९४८ च्या कायद्याने गृहीत धरलेले आहे.

स्व-गणनेमुळे ही अडचण वाढण्याची मला भीती वाटते. घरातला ज्याला मोबाइल नीट वापरता येतो तो रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांची माहिती भरून मोकळा होईल आणि दुसऱ्या दिवशी प्रगणक, माहिती भरल्यावर पोर्टलवरून मिळालेला ओळख क्रमांक घेऊन, पुढच्या दारात जाईल. म्हणून प्रत्येक प्रौढ सदस्याच्या नोंदीपाशी, ही माहिती त्या व्यक्तीला विचारून भरली आहे का, असा एक रकाना ठेवावा आणि उत्तर नकारार्थी असेल तिथे प्रगणकाने निदान कामाचा आणि मातृभाषेचा प्रश्न नव्याने विचारावा. एका छपराखाली सगळ्यांची मातृभाषा एकच असते, हेही खरे नाही.

महाराष्ट्रापुरती आणखी एक बाब आहे. फेब्रुवारीत बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतात. २०११ मध्ये गणनेचा संपूर्ण काळ घराबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो सापडेल तिथे करायची होती. गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईला हे कोण सांगणार? लेक-सून आपलीच माणसे, म्हणून ती त्यांची नावे घरी लिहवून घेईल, किंवा ती तिकडे मोजली जातील असे समजून गप्प बसेल आणि तिकडे कोपीपर्यंत कोणी पोहोचलेलेच नसेल. हाच नियम या जनगणनेतही राहणार असेल, तर तो सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि टोळीच्या मुकादमांपर्यंत पोहोचवावा.

या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. जनगणना अधिनियमाच्या कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहायला मिळत नाहीत, पण दारात शेजारी गोळा झालेले असताना त्या गोपनीयतेला अर्थ राहत नाही. प्रगणकाने अशा वेळी घरात बसून विचारण्याची परवानगी मागावी, हे प्रशिक्षणात स्पष्ट सांगावे. आणि प्रश्नावली प्रगणक येण्याच्या आठवडाभर आधी छापील स्वरूपात घरोघरी द्यावी, म्हणजे कोणता प्रश्न कोणासाठी आहे हे घरातल्यांना आधी वाचता येईल.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक