खेळातल्या संगीताला ‘टीं-टीं’ म्हणू नये

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला आणि त्यातले एकच वाक्य काल दिवसभर मनातून गेले नाही. त्या खेळांच्या संगीताला लेखकाने ‘डोके उठवणारी टीं-टीं’ म्हटले आहे. मुले अभ्यास टाकून खेळत बसत, घरचे वैतागत, हे सारे मान्य. परंतु ज्या चाली आमच्या पिढीला पंचवीस वर्षांनंतरही पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत पाठ आहेत, त्यांची अशी एका शब्दात बोळवण करण्याआधी लेखकाने त्या एकदा तरी कान देऊन ऐकायला हव्या होत्या.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ चा. कोजी कोंडो यांनी ज्या यंत्रासाठी त्याचे संगीत रचले, त्याच्या चिपमध्ये चालीसाठी चौकोनी लहरींचे दोन आवाज, खर्जासाठी त्रिकोणी लहरीचा एक, तालासाठी निव्वळ खरखरीचा एक आणि ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी एक, असे पाचच आवाज होते. चित्रांसह अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला होता. नाणे मिळाल्याचा किंवा उडीचा आवाजही याच मोजक्या आवाजांतून काढावा लागे, म्हणजे तेवढा क्षण चालीतला एक आवाज गप्प होई. तरीही चाल कुठे तुटल्यासारखी वाटत नाही. पाण्याखालच्या टप्प्यात तेच आवाज तीन मात्रांच्या लयीत झुलू लागतात आणि पोहणाऱ्या मारिओचे हातपाय जड झाल्यासारखे वाटतात. एवढ्या तुटपुंज्या साधनांत हे साधणाऱ्याला संगीतकार म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

माझा राग जुना आहे, हे मी लपवत नाही. परभणीत मी सातवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मारिओची चाल पेटीवर वाजवायची असे ताईने आणि मी ठरवले. स्वरलिपी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. खेळ थांबवला की संगीतही थांबते, म्हणून आम्ही मारिओला पहिल्याच टप्प्याच्या सुरुवातीला नुसते उभे करून ठेवत असू. तिथे त्याला कोणी मारायला येत नाही, मात्र घड्याळ ४०० पासून उतरत राहते आणि १०० वर आले की चाल एकदम द्रुत होते. त्याआधीच्या जेमतेम दोन मिनिटांत जेवढे ऐकू येईल तेवढे पेटीवर शोधायचे, वेळ संपून मारिओ मेला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात मध्येच वीज गेली की त्या दिवसाचा रियाज तिथेच संपे. चालीत कोमल-तीव्र स्वर असे काही अंगावर येतात की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बोटे अडखळत. शिवाय एक हात भात्यावर, त्यामुळे खर्ज वाजवायला हातच उरत नसे. अखेर ताईने शेजारच्या काकांची पेटी मागून आणली आणि खर्ज तिने धरला. महिनाभर आम्ही एवढेच केले.

कार्यक्रमात पहिले आवर्तनही पुरे झाले नव्हते तोच परीक्षकांनी हात वर करून आम्हाला थांबवले आणि सगळ्या सभागृहासमोर माईकवरून सांगितले, की हे खेळातले आवाज आहेत, एखादे भजन किंवा भावगीत येत असेल तर वाजवा. आम्हाला दोन्ही येत होते, पण ताई काही न बोलता पेटी बंद करून उठली. त्यानंतर ती रंगमंचावर कधीच वाजवायला बसली नाही. परवा आपल्या पुरवणीत ‘टीं-टीं’ वाचले, तेव्हा मला तो वर झालेला हात जसाच्या तसा दिसला.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने हीच चाल आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात २०२१ मध्ये खेळाडूंचे संचलन झाले ते जपानी व्हिडिओ गेमच्या संगीतावरच. गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या ‘टेट्रिस’ खेळाची सर्वांना आठवणारी चाल तर एकोणिसाव्या शतकातल्या रशियन लोकगीताची आहे. जात्यावरची ओवी ज्या मराठवाड्यात अजून आजीच्या तोंडून ऐकायला मिळते, तिथल्या वाचकांना लोकांची चाल एका मुलखातून दुसरीकडे कशी जाते, हे वेगळे सांगायला नको.

जाता जाता आणखी एक. हा लेख ज्या पानावर छापला, तिथे पूर्वी आपल्या जिल्ह्यांतल्या मैफलींचे आणि भजनी मंडळांच्या कार्यक्रमांचे वृत्त येत असे. काही महिन्यांपासून ते कोणतीही सूचना न देता बंद झाले आहे. एकीकडे ते गाणेही छापायचे नाही आणि दुसरीकडे आमच्या लहानपणीच्या संगीतालाही नाव ठेवायचे, हे पटत नाही. ते सदर पुन्हा सुरू करावे आणि हे पत्र काटछाट न करता, विशेषतः ताईबद्दलचा मजकूर न वगळता छापावे, ही विनंती. ती आपलेच वर्तमानपत्र वाचते.

आपला नम्र,
एक जुना वाचक, परभणी