स्टोन्सचा क्लबातला कार्यक्रम आणि आमचे पखवाजवाले तात्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत मोठ्या कॉन्सर्टांवर पानभर लेख आला होता, जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्ले ह्या इंग्लिश बँडचे तीन शो झाले त्याबद्दल, तिकिटांची मारामारी, प्रेक्षकांच्या मनगटावर चमकणारे पट्टे, स्टेडियमबाहेरची गर्दी वगैरे. लेख चांगला होता, तक्रार नाही. पण अख्खं पान वाचून झालं तरी ड्रम कोण वाजवत होता, कसा वाजवत होता ते काही कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथं पन्नास हजारात उभ्या असलेल्या माणसालाही ते कळत नसणार, त्यामुळे लिहिणाऱ्याचा तरी काय दोष.

मी स्वतः हा अनुभव घेतलेला आहे. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडातला रॉक बँड मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला तेव्हा मी परळला नोकरीला होतो, कॉलेजपासून त्यांचा भक्त, ओव्हरटाइमचे पैसे घालून गेलो. त्यांचा गायक मिक जॅगर मला अंगठ्याच्या नखाएवढा दिसला. बाकी सगळं पडद्यावर बघितलं. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की स्टोन्स बघितले, पण आत कुठंतरी माहिती होतं की मी स्टोन्सचा टीव्ही बघून आलोय.

आता रिटायर होऊन गावी, आचऱ्याला आहे. यंदा पावसात पुतण्या पुण्याहून आला होता, त्याच्या लॅपटॉपवर एक कार्यक्रम बघितला आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाहीये म्हणून हे पत्र, लांबलं तर कात्री लावा.

कार्यक्रम जुना आहे, २६ मार्च १९७१ चा. लंडनमध्ये वॉर्डर स्ट्रीटवर मार्की नावाचा क्लब होता, तिथं स्टोन्सनी टीव्हीसाठी म्हणून वाजवलं होतं. ह्याच मार्कीच्या जुन्या जागेत, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जुलै १९६२ मध्ये त्यांनी स्टोन्स ह्या नावानं पहिल्यांदा वाजवलं होतं. म्हणजे नऊ वर्षांनी हे लोक आपल्या पहिल्या देवळात परत आले, तेही गाव सोडून जायच्या आधी, कारण इंग्लंडातला इन्कम टॅक्स परवडत नाही म्हणून सगळे लगेच फ्रान्सला राहायला जाणार होते. टॅक्स चुकवायला देश सोडणारे आपल्याकडेच आहेत असं कुणाला वाटत असेल तर नसावं. असो. नंतर हे चित्रीकरण चोरट्या कॉप्यांमधून फिरत राहिलं आणि अधिकृतपणे बाहेर आलं ते २०१५ मध्ये, तोपर्यंत तो क्लब त्या जागेवरून उठूनही बरीच वर्षं झाली होती.

सगळी मिळून आठ गाणी, पाऊण तासाच्या आत खलास. स्टेज म्हणजे आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं असतं त्यापेक्षाही बुटकं वाटतं, समोरचा माणूस हात लांब करेल तर जॅगरच्या पायाला लागेल. पाठीमागे जागा अशी नाहीच, ड्रम, अँप, बाजेवाले सगळे एकमेकांना चिकटून. मला सगळ्यात आवडलं ते हे की कोणालाच पळायला जागा नाही. स्टेडियममध्ये जॅगर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, ते बघायला मजा येते नाही असं नाही, पण इथं त्याला दोन पावलांतच सगळं करायचंय, त्यामुळे तो गाण्याकडे वळतो, शब्द चावून म्हणतो, तोंडाला बाजा लावला की तो खरंच वाजवतो.

त्यातली काही गाणी ज्या रेकॉर्डमधली आहेत ती ‘स्टिकी फिंगर्स’ बाजारात यायला अजून महिना होता. आज ‘ब्राउन शुगर’ची पहिली तार छेडली की जगातली निम्मी माणसं मान हलवतात, पण त्या खोलीतल्या बऱ्याच लोकांनी ते गाणं तोपर्यंत ऐकलेलंच नसणार. त्यांच्या जागी स्वतःला बसवून बघा एकदा. मी बसवलं, दोनदा. ह्या गाण्यात त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स गिटारीची सहावी, जाड तार काढूनच टाकतो, पाच तारा अशा लावतो की काही न दाबता नुसता हात फिरवला तरी सुरांचा मेळ वाजतो. मग एक-दोन बोटं इकडची तिकडं केली की झालं. वर्षानुवर्षं रेकॉर्डवर ऐकताना मला वाटायचं केवढी कसरत असेल ही, आणि हाताकडे बघावं तर बोटं फारशी हलतच नाहीत. आपल्याकडे जुना पेटीवाला बुवा जसा भाता हळूच हलवतो आणि घर हादरतं तसं.

शेजारी दुसरा गिटारवाला, मिक टेलर. तेव्हा बावीस वर्षांचा पोरगा, दीडएक वर्षापूर्वी बँडमध्ये आलेला, उभा असा की जणू कुणी शिक्षा म्हणून उभा केलाय, मान खाली, नजर गिटारीवर. आणि वाजवतो काय! पुढं डिसेंबर १९७४ मध्ये हा बँड सोडून गेला, माझ्या मते तेव्हापासून स्टोन्सच्या गिटारीतला गोडवा गेला तो गेलाच, ह्यावर पुतण्याचं आणि माझं भांडण झालंय, ते मिटायचं नाही. सॅक्सोफोनवर बॉबी कीज, ट्रंपेटवर जिम प्राइस. ह्या बॉबी कीजची आणि कीथची जन्मतारीख एकच, १८ डिसेंबर १९४३, आमच्या भजनी मंडळात अशी जोडी असती तर बुवांनी त्यावर एक गौळण रचली असती.

तर ज्या संध्याकाळी हे बघितलं तेव्हा लाइट गेली होती, लॅपटॉप पडवीत पाटावर ठेवला, शेजारचे तात्या माडाच्या झापाखालून धावत आले कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर बंद पडला होता. तात्या म्हणजे पंचक्रोशीतले पखवाजवाले, चाळीस वर्षं डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, साथ करतायत, इंग्रजी गाण्याशी संबंध शून्य. पावसाचा जोर वाढला की पत्र्यावर असा आवाज की काही ऐकूच येईना, मग थांबवायचं, चहा, पाऊस ओसरला की परत चालू. आमची ही मधेच येऊन बघून गेली आणि म्हणाली, “ह्यो कोण मेलो नाचता? जेवक घालनत नाय वाटता त्येका.” जॅगरवर ह्याहून अचूक परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

तात्या मात्र जॅगरकडे बघतच नव्हते. ते बघत होते ड्रमवाल्या चार्ली वॉट्सकडे. डाव्या हातातली काठी त्यानं उलट्या हातानं धरलेली, जॅझवाले धरतात तशी, चेहऱ्यावर काही नाही, रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा. ‘मिडनाइट रॅम्बलर’ ह्या गाण्यात मधे लय उतरत उतरत जवळजवळ थांबते, खोलीभर शांत होतं, मग हळूहळू परत चढते आणि कुठं चढायचं हे गाताना ठरतंय असं वाटतं. हे सगळं ज्याच्या जिवावर चाललंय तो हा माणूस. तात्या पुढं सरकून लॅपटॉपला नाक लावून बसले आणि म्हणाले, “ह्येच्या हाताकडे बघ. ह्यो दाखवक वाजवणा नाय.” मी त्यांना सांगितलं की हा माणूस ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, तर तात्यांनी हात जोडले. ओळख ना पाळख.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी संपादकसाहेब तुम्हाला लिहितोय. तात्यांना चार्लीचे हात दिसले कारण त्या कॅमेरावाल्यानं ते दाखवले. कॅमेरा जवळ गेला, तिथं थांबला, आणि आवाज नीट घेतलेला, पेटी वेगळी कळते तसा प्रत्येकाचा बाजा वेगळा कळतो. बाकी चमत्कार काही नाही. उलट उणिवा आहेत, प्रेक्षक टीव्हीसाठी बोलावल्यासारखे जरा अवघडून बसलेले, टाळ्या कमी, पंचावन्न वर्षांपूर्वीचा टीव्हीचा रंग तो. ‘सॅटिस्फॅक्शन’ तर त्यांनी इतकं फिरवून वाजवलंय की सुरुवातीला ओळखूच येत नाही, मला नाही आवडलं ते. पण माणसं वाजवताना दिसतात.

आणि आमच्याकडे काय होतं? गेल्या जत्रेत देवळापुढं दशावतार झाला, तो शूट करायला कुठूनतरी एक पार्टी बोलावली होती. दशावतार म्हणजे ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तेच पर्वत, एक पेटी, एक पखवाज, झांज, आणि पाठ केलेली संहिता नाही, संवाद तिथल्या तिथं. जमिनीवर बसून बघायचं, राक्षस आला की पुढच्या पोरांच्या अंगावर थुंकी उडते इतकं जवळ. मार्की क्लबला लाजवेल अशी जागा ही. आणि त्या पार्टीनं काय केलं, ड्रोन उडवला! अर्धा वेळ देवळाचं छप्पर आणि माड. राजाचं सगळ्यात चांगलं पल्लेदार भाषण चालू होतं तेव्हा वरून त्याचा मुकुट दिसतोय आणि घूं घूं आवाज. नंतर अपलोड करताना खाली कसलंतरी सिनेमाचं म्युझिक टाकलं, म्हणजे पखवाज गेलाच. डबलबारीचंही तसंच, बुवांचा चेहरा, बुवांच्या अंगठ्या, मग लोकांचे मोबाइल, परत बुवा. गजराला जेव्हा पखवाज पेटतो, ज्यासाठी म्हातारे रात्री दोनपर्यंत जागे असतात, तेव्हा कॅमेरा फुलांच्या तोरणावर. तात्यांची चाळीस वर्षांची साथ, त्यातलं हात दिसतील असं दोन मिनिटांचं शूटिंगही आज कुणाकडे नाही. मी शोधलं, मंडळात विचारलं, मुंबईकर मंडळींना फोन केले. एका क्लिपमध्ये त्यांची कोपरं दिसतात.

तुमचा पेपर गावोगाव जातो, जत्रांचा सीझन कार्तिकात सुरू होईल, त्याआधी गणपतीत घरोघरी भजनं आहेत. शूटिंग करणाऱ्या पोरांसाठी एक कोपरा द्या पुरवणीत, कुणा जाणकाराकडून लिहून घ्या की माइक कुठं लावायचा, कॅमेरा कधी हलवायचा नाही. पैसे लागत नाहीत ह्याला. दोन कॅमेरे पुरतात, एक समोर आणि एक वाजवणाऱ्यांच्या बाजूला, आणि आवाजाची वायर थेट मिक्सरमधून घ्यायची, मोबाइलवर नाही. एवढं पुतण्या सांगतो, तो ह्या कामातलाच आहे. यंदा आमच्या वाडीच्या भजनाला तोच शूट करणार आहे, तात्यांना अजून सांगितलेलं नाही कारण सांगितलं तर ते नवीन सदरा घालून येतील आणि ताठ बसतील.

ह्या कार्यक्रमाच्या डिस्कवर मुख्य गाण्यांनंतर काही गाणी दुसऱ्यांदा वाजवलेलीही दिलीत, टीव्हीचं काम असल्यामुळे परत परत घ्यावी लागली असतील. तेच गाणं, तीच माणसं, तीच रात्र, तरी दोन्ही वेळा वेगळं लागतं. आम्ही ती बघायला घेतली तेवढ्यात लाइट आली, टीव्हीवर बातम्या चालू झाल्या, बायको म्हणाली आता जेवायला उठा. तात्या उठले नाहीत. म्हणाले, “मगाशचा तां परत लाव, लय उतरता तां.” बॅटरी नऊ टक्के राहिली होती, चार्जर आणायला पुतण्या आत पळाला.

आपला एक जुना वाचक,
आचरा, ता. मालवण