कातकरवाडीतली पोरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊ नयेत म्हणून मदत हवीये

मंडळी, नमस्कार. गणपतीला सगळे गावी येणारच आहात, पण आरत्यांच्या गडबडीत कोणाशी नीट बोलणं होत नाही म्हणून मंडळाच्या वतीने आधीच लिहितोय.

आपल्या गावाच्या वरच्या अंगाला जी कातकरवाडी (कातकरी आदिवासींची वस्ती) आहे तिथली २२ पोरं आत्ता शाळेच्या पटावर आहेत. दिवाळी झाली की त्यातली निम्म्याहून जास्त दिसेनाशी होतात. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो, मुकादम येऊन उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देऊन जातो आणि मग ती फेडायला नवराबायको जोडीने वीटभट्टीवर, कर्जत-पनवेल-भिवंडीकडे, काहीजण लाकडाचा कोळसा पाडायला पार कर्नाटकात. पोरांना मागे ठेवणार कोणाकडे, म्हणून तीपण जातात. तिकडे मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते, वाळत घातलेल्या विटा उलट्या करते आणि परत येतात तेव्हा पाऊस तोंडावर आलेला असतो, शाळेचं वर्ष संपलेलं असतं.

कायदा आहे की, असं कोणीतरी म्हणेलच. आहे, १ एप्रिल २०१० पासून आहे, ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा, दाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. पण भट्टी असते कुठेतरी शेतात, शाळेत नेऊन सोडणार कोण? आणि इथे आल्यावर वय वाढलं म्हणून पोरगं वरच्या वर्गात. सहावीतल्या एका मुलीला आम्ही तिसरीचं पुस्तक दिलं, बोट ठेवून तिने दोन ओळी वाचल्या, जोडाक्षराला अडली आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. तीच मुलगी खाडीवर नुसतं बीळ बघून सांगते आत चिंबोरी (खेकडा) आहे की नाही. डोकं कुठेही कमी नाहीये हो! आणि वाचता येणं किती गरजेचं आहे ते भट्टीवर कळतं, हजार विटांमागे किती लावले, उचलीतले किती वळते केले, सगळं मुकादमाच्या वहीत असतं आणि ती वही घरात कोणालाच वाचता येत नाही.

हे काम काय आपणच पहिल्यांदा करतोय असं नाही. आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली गावातल्या लहान पोरांच्या शिक्षणाला सुरुवात केली, पुढे कोसबाडला वारल्यांच्या पोरांसाठी शाळा पाड्यावर नेली, आणि जी पोरं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी शाळा थेट कुरणात, कुरणशाळा. पोरं जिथे आहेत तिथे शाळा न्यायची. आपल्याला तर तेवढंही करायचं नाहीये, पोरं वाडीतच थांबतील एवढंच बघायचंय.

काही घरांत आजी-आजोबा असतात, ते सांभाळायला तयार आहेत, पण आजीचंच पोट भरत नाही तर नातवंडांना काय घालणार. म्हणून नोव्हेंबर ते मे दोन वेळचं जेवण मंडळ बघणार आणि संध्याकाळी समाजमंदिरात अभ्यास. शिकवायला वाडीतलीच बारावी झालेली मुलगी आहे. लहान पोरं घरी कातकरी बोलतात, पुस्तकातलं मराठी त्यांना पटकन कळत नाही, ती दोन्हींत समजावते. तिला मानधन द्यायचंय, फुकट राबवायचं नाही, यावर मंडळात सगळ्यांचं एकमत आहे.

एका पोराचा महिन्याचा खर्च साधारण १,२०० रुपये धरलाय. ज्याला जमेल त्याने एका पोराचे सात महिने घ्या, नाहीतर एकच महिना घ्या, चालेल. पैसे नकोत तर तांदूळ, तूरडाळ, तेल, सतरंज्या, दोन सोलर दिवे (वाडीतली लाईट सारखी जाते), गोष्टींची पुस्तकं, मोठ्या अक्षरातली. जुने फाटके कपडे मात्र नका पाठवू, ते आधीच खूप पडलेत.

आणि एक काम पैशांचं नाही. तालुक्याला कागदपत्रांची माहिती असलेलं कोणी असेल तर दोन-चार शनिवार द्या. बऱ्याच पोरांचे जातीचे दाखले नाहीत, जन्म भट्टीवर झालेला, नोंदच नाही, आणि प्रांत ऑफिसात १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती त्यांनी तो आणायचा कुठून? दाखला नसला की पुढे आश्रमशाळा, होस्टेल, स्कॉलरशिप सगळंच अडतं.

सामान मारुतीच्या देवळाशेजारच्या मंडळाच्या खोलीत आणून द्या, रोख दिलेत तर पावती घ्याच. हिशोब दर महिन्याला फळ्यावर लागेल आणि ग्रुपवरही टाकू. दसऱ्यापर्यंत आकडा कळला तर मुकादम पुढची उचल वाटायच्या आत आम्हाला घरोघरी जाऊन पोरं ठेवून जा म्हणून सांगता येईल, त्यामुळे जे काय देणार असाल ते त्याआधी कळवा.